इंजिनाचं तेल तव्यावर

माय, तू मोटारबोट कधी पाहिली नाहीस, म्हणून आधी ती सांगतो. सावली गावाहून आपण वैनगंगेवर जायचो तेव्हा तिथे डोंगे असायचे, एका खोडातून कोरलेले, आणि तू बसताना दोन्ही हातांनी काठ घट्ट धरायचीस. आमची बोट त्याच्यापेक्षा बरीच मोठी आहे. पत्र्याची, पुढून निमुळती, आणि बरोबर मध्ये लाकडी झाकणाखाली इंजिन. चालू झाली की सगळ्या घाटावर धक-धक ऐकू येतं आणि पलीकडच्या काठावरचे बगळे उडतात. तू बसली असतीस की नाही, याबद्दल मला अजून खात्री नाही. पण काठ तू नक्की धरला असतास.

मी आता अहेरीजवळ प्राणहितेच्या घाटावर असतो. एका ठेकेदाराचा लाकडाचा डेपो आहे, तो सांभाळतो. नागपूरला रसायनशास्त्र शिकलेला मुलगा मास्तर होईल असं तुला वाटलं होतं. मी झालोही होतो काही वर्षं. मग हे काम आलं, जंगल आणि नदी दोन्ही दिसत होती, आणि मी राहिलो. हे बरं केलं की नाही, असा प्रश्न मी डायरीत अनेकदा लिहिला आहे आणि दर वेळी उत्तर थोडं वेगळं आलं आहे. या वर्षी तो लिहिलेला नाही. आज तुला लिहावंसं वाटलं त्याचं कारण हेच असेल, किंवा काल दसरा होता हे असेल. तुला वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढतोय. तू एकेक अक्षर बोटाने लावत वाचायचीस, ती सवय माझ्या हाताला अजून आहे.

गोष्ट गेल्या वर्षीच्या दसऱ्यापासूनची आहे. इथे पावसाळ्यात नदीत कोणी उतरत नाही. पाणी चढलं की घाटाच्या वरच्या चिंचेपर्यंत येतं. दसऱ्याच्या सुमाराला ते उतरतं आणि मग थंडी संपेपर्यंत बोट चालेल एवढं पाणी असतं, पुढे वाळू उघडी पडते. जंगलात तोडलेला बांबू आणि साग त्या मधल्या महिन्यांतच तराफे बांधून खाली सिरोंच्याकडे न्यायचा. तराफे ओढायला बोट. म्हणजे बोट बसली की माल घाटावर, आणि माल घाटावर राहिला की जंगलगावांतली जी माणसं तो तोडून आणतात तीही घरी. बाजाराच्या दिवशी हीच बोट पलीकडच्या लोकांना अहेरीच्या बाजाराला आणते. कोंबड्या, मडकी, मोहाची टोपली, सगळं घेऊन बसतात. एका बाईंनी एकदा बकरी इंजिनाच्या झाकणावर बांधली होती, ऊब मिळते म्हणून.

बोटीचा डायवर सिरोंच्याचा. माणूस उमदा, पण बोलका, फार बोलका. नदीशी बोलतो, इंजिनाशी बोलतो, ऐकायला कोणी नसलं तर माझ्याशी. तो आणि त्याची म्हातारी आई घाटालाच लागून असलेल्या खोपटात राहतात. दसरा होऊन काही दिवस झाले असतील, तो सकाळी माझ्या ओसरीवर आला आणि नुसता उभा राहिला. तो न बोलता उभा राहिला तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"काय भाऊ?"

"साहेब, इंजनचं तेल वाढून राह्यलं."

मी थट्टेने म्हटलं, "मग काय, विकू थोडं."

तो हसला नाही. "तेल कमी होत असते जी. इंजन खाते त्याले. वाढत नाई."

आम्ही घाटावर गेलो. इंजिनाच्या पोटात तेल किती आहे हे बघायला एक चपटी लांब पट्टी असते, तिच्यावर खूण असते. त्याने पट्टी फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली, बाहेर काढून माझ्यासमोर धरली. तेल खुणेच्या बरंच वर होतं. आणि ते तेलासारखं दिसतच नव्हतं. दूध घातलेल्या चहासारखा रंग, बोटावर घेतलं तर फेसाळ. कुठून तरी पाणी शिरलं होतं. पाणी असलेल्या तेलावर इंजिन चालवलं तर आतलं लोखंड लोखंडावर घासतं आणि थोड्या दिवसांत सगळं इंजिन भंगारात जातं, एवढं मलाही ठाऊक होतं. बोट बांधून ठेवायला सांगितली आणि चांद्याला ठेकेदाराकडे निरोप पाठवला.

चांद्याहून मिस्त्री आला तो माल न्यायच्या ट्रकमध्ये बसून. जाडजूड, खाकी अर्धी चड्डी, कानामागे विडी. त्याने पट्टी पाहिली, वास घेतला, आणि मान हलवली.

"चहा झाला म्हणा की. साखर घाला फक्त." मग डायवरकडे न बघता मला म्हणाला, "हेड फुटलं हाय, साहेब. आतून तडा गेला."

त्याने मला समजावलं, आणि नीट समजावलं. इंजिन थंड राहावं म्हणून एक पंप नदीचं पाणी ओढून इंजिनाभोवतीच्या पोकळीत फिरवतो. तो पंप बंद पडलेला असताना कोणी इंजिन तसंच रेटलं तर ते लाल होईस्तोवर तापतं, हेडला, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या जाड लोखंडाला, तडा जातो आणि ते फिरणारं पाणी तेलात उतरतं. म्हणजे एक, इंजिन नागपूरला न्यायचं, आणि ते परत येईपर्यंत हंगाम गेला. आणि दुसरं, इंजिन तापवणारा डायवर ठेवायचा नाही.

"पंपाबिना मी एक डावही चालवलं नाई," डायवर म्हणाला. "नाई म्हंजे नाई."

"मंग पाणी का आभाळातून पडलं?"

"झाकण बंद असते जी. पाऊस बी नाई आला दसऱ्यापासून."

"तेच म्हणतो ना मी! वरून नाई आलं, तर आतूनच आलं." आणि मिस्त्रीने ती विडी कानामागून काढून शिलगावली, जणू काम संपलं. ट्रक दुसऱ्या दिवशी दुपारनंतर परत जाणार होता. इंजिन त्यात चढवायचं की नाही, आणि डायवरला घरी पाठवायचं की नाही, हे सांगायचं माझ्यावर होतं. मिस्त्री तसं स्पष्ट म्हणाला. "मी मिस्त्री हाय. हुकूम तुमचा."

माय, मी त्याचं म्हणणं जवळजवळ मान्य केलं होतं. का केलं याचा नंतर विचार केला. त्याचं बोलणं बरोबर बसत होतं हे एक. पण दुसरं असं की तो खात्रीने बोलत होता आणि डायवर चाचरत होता. इतका बोलका माणूस एकाएकी चाचरतो तेव्हा आपल्याला वाटतं, काहीतरी आहे. माणूस घाबरला तरी चाचरतो, हे आपण त्या वेळी विसरतो. मी मिस्त्रीला म्हटलं, उद्या दुपारपर्यंत थांबा. कशासाठी, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

घरी आलो तर आतून लोणी कढवल्याचा वास. आणि मी आपल्या सावलीच्या स्वयंपाकघरात आहे. चुलीवर काळी कढई आहे, तू तिच्याकडे पाठ करून वांगी चिरते आहेस, आणि मी विचारतो की न बघता तुला कसं कळतं. तू म्हणतेस, "आयक ना. बोलून राह्यलं ते. बोलते तोवर पाणी आहे त्याच्यात. गप्प झालं का तूप झालं." मी कढईजवळ कान नेतो, तडतड ऐकतो, ती विरळ होत जाते, आणि शेवटचा एक थेंब उडून सगळं शांत होतं तेव्हा तू विळीवरून उठलेलीच असतेस. नागपूरला वसतिगृहात जाताना तू त्याच तुपाचा डबा दिला होतास आणि झाकणावर फडकं इतकं घट्ट बांधलं होतंस की ते सोडायला चाकू लागला. पुढे प्रयोगशाळेत मी शिकलो की पाणी तेलापेक्षा लवकर उकळतं आणि वाफ होऊन फुटतं, त्याचा तो आवाज. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं तेव्हा मला वाटलं, हे तर मला येतं.

पण त्या संध्याकाळी आठवलं ते तेवढंच नाही. एकदा सुट्टीत आलो होतो, तेव्हा तुपाला वास आला होता. मी एक थेंब निखाऱ्यावर टाकून तडतडवून दाखवला आणि ऐटीत म्हणालो की लोणी देणाऱ्या बाईंनी पाणी घातलंय, उद्यापासून बंद करा. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "पाणी आहे हे तुले समजलं. थे कुठून आलं हे समजलं का? नाई ना? मंग अर्ध्यातच काऊन उठला?" आणि मग स्वतःच म्हणालीस, "बरणी मीच धुतली होती. पुसली नाई धड. तिले काऊन बोल लावतोस?" तू एवढं सहज सांगितलंस की मला लाजायलाही वेळ मिळाला नाही.

सकाळी मी बायकोकडे तवा मागितला.

"कशाला?"

"इंजिनाचं तेल तापवायचंय."

"भाकरीच्या तव्यावर?" ती चांद्याची आहे, तिचं बोलणं नेमकं असतं. "परत आणू नका मग."

तिने काठ तुटलेला एक जुना तवा दिला आणि तो मी दोन बोटांत धरून घाटावर गेलो. घाटावरची माणसं बघत होती. डायवरच्या खोपटात चूल पेटलेली होती. त्याच्या आईने काही न विचारता भात उतरवला आणि आम्हाला जागा दिली. म्हातारी लहानखुरी आहे, तेलुगू जास्त बोलते, मुलाला कोडुका म्हणते, म्हणजे मुलगाच. आम्ही तिघे चुलीभोवती बसलो. मिस्त्रीला हे सगळं करमणुकीचं वाटत होतं.

आधी डब्यातल्या कोऱ्या तेलाचा थेंब टाकला. तो तव्यावर पसरला, धूर निघाला, आवाज नाही. म्हणजे डब्यातलं तेल स्वच्छ. मग इंजिनातल्या तेलाचा. तो पडताक्षणी तडतडला आणि त्याचा एक तुषार माझ्या मनगटावर उडाला.

"मंग मी काय म्हणलं होतं?" मिस्त्री म्हणाला. "पाणी हाय. त्यासाठी तवा कायले पाहिजे?"

त्याचं बरोबर होतं. मी तेच सिद्ध केलं होतं जे कोणी नाकारत नव्हतं. अर्ध्यातच होतो.

म्हणून मी इंजिनातलं तेल एका पांढऱ्या काचेच्या बाटलीत भरलं आणि बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी करून ठेवली. तेल तापलं की पातळ होतं आणि त्यात मिसळलेलं पाणी सुटून खाली बसतं. त्याला वेळ लागतो. मिस्त्रीने तोवर अंगणात झोप काढली. डायवर उकिडवा बसून बाटलीकडे बघत होता, जसं कोणी आजाऱ्याकडे बघतं. हळूहळू वर तेल दिसू लागलं, मध्ये मळकट साय, खाली पाणी. आणि पाण्याच्याही खाली, तळाला, पिवळट गाळाचा एक पातळ थर.

मिस्त्री उठून आला, वाकला, आणि या वेळी तो चेष्टेच्या सुरात बोलला नाही. "गाळ हाय साहेब. नदीचा. पंपातून आलेलं पाणी. आता अजून काय पाहिजे?"

डायवरने मान खाली घातली. त्याने कमरेची पिशवी काढली, तंबाखू तळहातावर घेतला, चुन्याची डबी उघडली. चुना जास्तच निघाला. आणि माझं लक्ष त्याच्या तळहातावर गेलं.

माय, संक्रांतीच्या आधी तू घरीच कुंकू करायचीस ते मला दिसलं. पितळेची ताटली, हळद, आणि त्यात पानाचा चुना. तू बोटाने कालवायचीस आणि पिवळं बघता बघता लाल व्हायचं. मी लहान असताना तुला ते पुन्हा पुन्हा करायला लावायचो आणि तू म्हणायचीस, हळद काय झाडाले लागते का रे बापू. लागत नाही, पण करायचीस. कॉलेजात मला रंग बदलणारं पहिलं द्रव्य शिकवलं तेव्हा वर्गात मी एकटाच हसलो होतो.

मी डायवरला म्हटलं, "भाऊ, ती डबी द्या." बाटलीतलं तेल आणि पाणी हळूच ओतून दिलं, तळाचा गाळ एका पांढऱ्या बशीत एका बाजूला काढला. दुसऱ्या बाजूला घाटावरचा ओला गाळ चिमूटभर आणून ठेवला. माझे डोळे मला हवं तेच बघतील याची मला भीती होती, म्हणून ती दुसरी बाजू. दोन्हींवर थोडा थोडा चुना घातला आणि काडीने ढवळला. नदीचा गाळ नदीचा गाळच राहिला. इंजिनातला गाळ लाल झाला. भडक नाही, तेलकट, विटकरी, पण लाल. कोणीही म्हणेल असा.

मिस्त्री म्हणाला, "हळद? इंजनात हळद? भाजी करता का जी त्याच्यात?"

डायवर माझ्याकडे, मी बशीकडे. आणि मागून, दारातून, म्हातारी म्हणाली, "हळद तं मी घातली."

आम्ही तिघेही वळलो. तिला आम्ही चूल मागितली होती, पातेलं मागितलं होतं, पण तिला काही विचारलं नव्हतं. इंजिनाबद्दल म्हातारीला काय विचारायचं? तिने मात्र न लाजता, न लपवता सांगितलं. दसऱ्याला इथे ज्याच्यावर पोट चालतं त्याला आंघोळ घालतात. नांगर, विळा, कुऱ्हाड, हळदीच्या पाण्याने धुऊन पूजतात. मुलाचं पोट इंजिनावर. त्या सकाळी मुलगा इंजिनात तेल घालत होता, तेवढ्यात खालून कोणी नारळ फोडायला हाक मारली, तो तेलाचं झाकण तसंच उघडं ठेवून गेला. ही हळदीच्या पाण्याचा लोटा घेऊन आली.

"वरून घातलं," ती म्हणाली, "आंगावर. मंग पाह्यलं तं तोंड उघडं. सगळ्याईले दिलं, त्यालेच उपाशी कसं ठेवू? घोटभर तोंडात घातलं."

"घोटभर?" मिस्त्री म्हणाला.

तिने लोट्याकडे बोट दाखवलं. लोटा चांगला मोठा होता.

"माय वो!" डायवर जवळजवळ ओरडला. "माही नोकरी जाऊन राह्यली होती वो!"

"मंग मले सांगाचं ना, कोडुका," ती म्हणाली. "मले का सपनात दिसते?" आणि मग खरोखरच्या काळजीने माझ्याकडे वळली. "बाधलं का जी त्याले? तेल तं पिते. पाणी काऊन नाई पीत?"

मिस्त्री आधी गालातल्या गालात हसला, मग त्याचं सगळं पोट हलायला लागलं, आणि मग डायवरलाही आवरलं नाही. मी हसलो का? हसलो. पण माझ्या मनात बरणी होती, धुऊन न पुसलेली.

मिस्त्री हसून झाल्यावर गंभीर झाला, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. म्हणाला, "साहेब, म्हातारीनं घातलं हे खरं. पण हेड फुटलं नाई, हे कुठी ठरलं? दोन्ही असू शकते." बरोबर. म्हणून मग आम्ही काय ते शेवटपर्यंत केलं. इंजिनातलं सगळं तेल काढलं, कोरं तेल घालून आतून धुतलं, तेही काढलं, आणि पुन्हा नवीन भरलं. डायवरने झाकण फिरवून बसवलं आणि ते बसलं आहे हे मिस्त्रीलाही हात लावून बघायला लावलं. मग बोट सोडली. ट्रकवाला वर रस्त्यावर हॉर्न वाजवत होता. डायवर पलीकडे गेला, वर गेला, वळून खाली आला, पुन्हा वर. नदीच्या पाण्याने पंप भरून वाहत होता. आत तडा असता तर ते पाणी तेलात यायला तेवढा वेळ पुरेसा होता. मिस्त्रीच म्हणाला तसं. मी काठावर उभा होतो आणि म्हातारी माझ्या शेजारी, आणि तिने एकदाही हात जोडले नाहीत. नुसती डोळ्यांवर हात धरून बघत होती.

बोट लागली. पट्टी काढली. तेल बरोबर खुणेवर, मधासारखं. चुलीवरचा तवा अजून गरम होता. थेंब टाकला आणि मिस्त्रीने, एवढ्या जाड माणसाने, गुडघे टेकून कान जवळ नेला. मी पुन्हा एक टाकला. मग त्याने माझ्या हातातून काडी घेऊन स्वतः एक टाकला.

"गप्प हाय," तो म्हणाला.

ट्रक इंजिनाशिवाय गेला. चढताना मिस्त्री मला म्हणाला, "पुढल्या दसऱ्याले म्हातारीले बोटीजवळ येऊ देऊ नका." आणि डायवरला म्हणाला, "झाकण उघडं ठेवून नारळ फोडाले जातोस काय रे? बायको तरी नाई ना केली अजून तू. तिचं कसं होईल?" डायवर त्या संध्याकाळी इतका बोलला की ओसरीवरून मला आत जावं लागलं. मी ठेकेदाराला झालं ते सगळं कळवलं, उघड्या झाकणासह. ते कळवावं की नाही यावर बराच विचार केला. लपवलं असतं तर मी पुन्हा अर्ध्यातच उठलो असतो. त्याने डायवरला कामावर ठेवलं. हंगाम चांगला गेला. वाळू उघडी पडेपर्यंत तराफे जात राहिले.

आणि काल पुन्हा दसरा आला. वर्षभर कोणी त्या गोष्टीवरून म्हातारीची चेष्टा केली नाही असं नाही. बाजाराला जाणाऱ्या बाया बोटीत बसताना तिला विचारतात, आज इंजनले काय जेवण दिलं, आणि ती शिव्या देते. पण काल सकाळी ती लोटा घेऊन घाट उतरू लागली. तराफे बांधणारे थांबले. डायवर तिच्याकडे बघेना, माझ्याकडे बघू लागला. मिस्त्रीचं बोलणं सगळ्यांना माहीत होतं. तीही मध्येच थांबली, पायरीवर, लोटा दोन्ही हातांत धरून. तिलाही माहीत होतं.

नाही म्हणायचा मला अधिकार होता, आणि कारणही होतं. एवढ्या माणसांचा हंगाम त्या इंजिनावर असतो. मी काय करणार हे मला त्या क्षणापर्यंत खरंच माहीत नव्हतं. मी बोटीत उतरलो. तेलाचं झाकण हाताने तपासलं, आणखी अर्धा फेरा घट्ट बसवलं, खिशातला रुमाल त्यावर बांधला आणि बाजूला सरलो. म्हटलं, "या बाई. आंगावर घाला. तोंडात नको."

"तोंड बांधलं तुमी त्याचं," ती म्हणाली. "बोलन कसं थे?" पण आली. हळदीचं पाणी सगळ्या इंजिनावर घातलं, हात फिरवून फिरवून, कानामागे घासतात तसं कोपऱ्याकोपऱ्यात. माझा रुमाल पिवळा झाला. मग तिने ओला हात डायवरच्या तोंडावरून फिरवला, आणि तो, पस्तिशीचा माणूस, सगळ्यांसमोर डोळे मिटून उभा राहिला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून शेवटी काय लिहितात तेही लिहीत नाही. एवढंच सांगायचं राहिलं. आज सकाळी तराफे घेऊन बोट निघाली तेव्हा डायवरने नेहमीप्रमाणे पट्टी काढून माझ्यापुढे धरली, आणि मी, सगळं तपासून बघणारा मी, पायरीवर उभ्या म्हातारीकडे बघत होतो. म्हटलं, "राहू दे. जा तू." मी तेल पाहिलं नाही, माय. बोट परत येईल तेव्हा पाहीन बहुतेक.